उलटा लागलेला ट्रम्पेट

मुरबाडच्या कारखान्यात कामाला लागलो, त्या पहिल्या सकाळी फोरमननं माझ्या हातात एक बटाटा आणि सुरी दिली. मला वाटलं, आपल्याला कॅन्टीनमध्ये टाकलं. घरून निघताना आईनं हातावर दही ठेवलं होतं, सापगावात चार घरी "आमचा दामू कंपनीत लागला" असं सांगून झालं होतं, आणि इथं मी बटाटे चिरणार! तोंड पाडून विचारलं, "किती किलो चिरायचेत?"

"एकच. मधोमध काप," रघुनाथ फोरमन म्हणाले.

कापलेल्या अर्ध्या बटाट्यात त्यांनी तांब्याच्या दोन तारा बोटभर अंतरावर खोचल्या. तारांची दुसरी टोकं एका लोखंडी कपाटासारख्या यंत्राला लावली आणि बटण दाबलं. दोन-तीन मिनिटं आम्ही दोघं त्या बटाट्याकडे टक लावून बघत उभे. मग एका तारेभोवती बटाटा हळूहळू हिरवा व्हायला लागला. दुसरीभोवती नुसता बारीक फेस.

"हिरवं झालं ती प्लस," फोरमन म्हणाले. "यंत्रावरची खूण पुसली जाते. वायरचा रंग माणसानं दिलेला असतो, आणि माणूस चुकतो. यंत्र दुरुस्तीहून आलं, वायर बदलली, नुसतं जागचं हललं, तरी आधी बटाट्याला विचारायचं. मग माल टाकीत."

माझा धंदा निकेल प्लेटिंगचा. लोकांना हे काम रंगकामासारखं वाटतं, म्हणून थोडं सांगतो. निकेलच्या क्षाराचं हिरवंगार कोमट पाणी भरलेली टाकी असते. एका बाजूला निकेलच्या पट्ट्या कापडी पिशव्यांत घालून टांगतात. त्यांना आम्ही ॲनोड म्हणायचो. समोर गिऱ्हाइकाची वस्तू टांगायची. तिला पुस्तकात कॅथोड म्हणतात, आमच्याकडं ‘माल’. आणि ते लोखंडी कपाट म्हणजे रेक्टिफायर. घरातली वीज क्षणाक्षणाला दिशा बदलते. रेक्टिफायर तिला एका दिशेनं चालायला लावतो. त्याची प्लस, म्हणजे लाल वायर ॲनोडला आणि मायनस, म्हणजे काळी वायर मालाला. वीज सोडली की पट्टीतलं निकेल कणाकणानं सुटतं, पाण्यातून पलीकडे जातं आणि मालावर बसतं. अर्ध्या तासात गंजकं हँडल आरशासारखं होतं. पण वायरी उलट लागल्या, तर माल विरघळायला लागतो. आपलं कुठलं आणि गिऱ्हाइकाचं कुठलं, हे त्या पाण्याला कळत नाही.

मुरबाडला बरीच वर्षं काढली. मग शहापुरात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत, घराला लागूनच, स्वतःचं वर्कशॉप टाकलं. दोन टाक्या, एक बफ मारायचं, म्हणजे घासून चकाकी आणायचं मशीन, एक रेक्टिफायर, आणि बाहेर मीच रंगवलेली पाटी. वर्कशॉप मुख्यतः चालायचं ते मोटारसायकलचे भाग आणि नळाच्या तोट्यांवर. पण पाटी वाचून काय काय येईल याचा नेम नसायचा. एका बाबांनी बैलांच्या शिंगांच्या पितळी टोप्या आणल्या. चांगलं काम झालं, पण आठवड्यानं बाबा तक्रार घेऊन परत आले. एक बैल दुसऱ्याच्या शिंगात स्वतःचं तोंड बघून बुजत होता. एक सूनबाई प्लॅस्टिकचा डबा घेऊन आल्या, तो ‘स्टीलचा’ करून हवा होता. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही हे मी त्यांना समजावलं, तर म्हणाल्या, "मग पाणी कसं राहतं त्यात?" याला अजून माझ्याकडं उत्तर नाही. डोंगराकडल्या पाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं कागदात गुंडाळून स्वतःची कवळी आणली होती. "पुढले चार चकाचक कर, नातवाचं लगीन हाय." त्यांना मी चहा देऊन, हात जोडून परत पाठवलं.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात करायचो. शहापुरात दुसरा प्लेटिंगवाला नव्हता, त्यामुळं माझी चूक काढणारंही कोणी नव्हतं. ती चूक पहिल्यांदा निघाली माझ्या मुलीच्या पेपरात.

सुजाता बारावी सायन्सला होती. चाचणी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक घेऊन माझ्याजवळ आली. "बाबा, ॲनोड प्लस की मायनस?"

आयुष्यात पहिल्यांदा मुलीनं मला येत असलेलं काहीतरी विचारलं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला. "ॲनोड म्हणजे प्लस. डोळे मिटून लिही."

तिनं डोळे मिटूनच लिहिलं. पेपर हातात आला तेव्हा त्या उत्तरावर लाल फुली आणि दोन मार्क गेलेले. प्रश्न विद्युत घटाचा होता, म्हणजे आपल्या साध्या सेलसारख्या वस्तूचा. त्यातला ॲनोड ओळखा आणि त्याचं चिन्ह लिहा.

सुजाता नुसता पेपर माझ्यापुढं ठेवून आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी टाकीतला एक झिजलेला ॲनोड पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला, खिशात मीटर टाकलं आणि कॉलेजात गेलो. रसायनशास्त्राला लेले मॅडम होत्या. कल्याणहून यायच्या, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या, आवाज अगदी हळू. मी त्यांच्या टेबलावर तो ॲनोड ठेवला. आवाज जरा मोठाच झाला.

"मॅडम, मी सुजाताचा बाबा. हा ॲनोड. याला मी इतकी वर्षं प्लसची वायर लावतोय. मायनस लावली असती तर शहापूर तालुक्यात एकाही गाडीला चमक राहिली नसती."

मॅडमनी ॲनोड हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "किती छान झिजलाय हो," म्हणाल्या. मला वाटलं, टोमणा आहे. पण त्या खरंच खूष झाल्या होत्या. "चला, प्रयोगशाळेत दाखवते."

तिथं त्यांनी दोन काचेची भांडी ठेवली. एकात जस्ताची पट्टी, एकात तांब्याची, दोन्ही आपापल्या क्षाराच्या पाण्यात. मधे ओल्या कागदाचा पूल. म्हणाल्या, "यातला ॲनोड कोणता?"

"झिजेल तो. म्हणजे जस्त."

"बरोबर. आता तुमचंच मीटर लावा."

मी मीटरचं लाल टोक ऐटीत जस्ताला लावलं, काळं तांब्याला. आकडा आला, पण त्याच्याआधी एक छोटी आडवी रेघ. मायनस. मी टोकं काढून पुसली, परत लावली. परत रेघ. मीटर झटकलं. रेघ जागची हलेना.

"मीटर बिघडलं असेल," मी म्हणालो.

"तांब्याला लाल लावून बघा." लावलं. रेघ गेली.

"पण मॅडम," मी शेवटचा बाण काढला, "मराठी शाळेत आम्हाला ॲनोडला धनाग्र शिकवलंय. सुजाताही दहावीपर्यंत तेच शिकली. धनाग्र! नावातच धन आहे. ते ऋण कसं असेल?"

"आमच्या प्रयोगशाळेचे शिपाई आहेत, त्यांचं नाव शांताराम," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात बाहेर व्हरांड्यात कोणीतरी असं गरजलं की कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या. "कोणी ठेवली रे बादली हितं?"

"तेच ते," मॅडम म्हणाल्या.

मला हसू आलं, आणि हसू आल्यावर भांडण काही पुढे नेता येईना. मग त्यांनी समजावून सांगितलं. धातू झिजतो म्हणजे तो आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतो आणि पाण्यात उतरतो. जिथं हे देणं घडतं तो ॲनोड. जिथं घेणं घडतं तो कॅथोड. "माझ्या भांड्यात जस्त आपल्या खुशीनं देतं. ते इलेक्ट्रॉन तारेत लोटतं, म्हणून मीटरला तो मायनस दिसतो. तुमच्या टाकीत निकेल खुशीनं देत नाही. तुमचं मशीन त्याच्याकडून हिसकावून घेतं, आणि त्यासाठी प्लसच लावावा लागतो. देणारा दोन्हीकडे ॲनोडच. चिन्ह तेवढं फिरतं. म्हणून मी मुलांना सांगते, चिन्हावरून ओळखू नका. तिथं काय घडतंय ते बघा."

"म्हणजे झिजतो तो ॲनोड. मग मी बरोबरच म्हणालो की."

"ओळखलात बरोबर. चिन्ह चुकलं. आणि झिजतो म्हणून प्रत्येक वेळी भागणार नाही. न झिजणारे ॲनोडही असतात."

हेही मला माहीत होतं. क्रोमच्या टाकीत शिशाचे ॲनोड असतात, ते झिजत नाहीत. माहीत होतं, पण मी कधी त्याचा विचार केला नव्हता. अंगवळणी पडलेल्या गोष्टीचा कोण विचार करतो?

दोन मार्क काही परत मिळाले नाहीत. पण निघताना मॅडम म्हणाल्या, "आमच्या मुलांनी टाकी कधी पाहिलेली नाही. वर्गाला घेऊन आलो तर चालेल?"

चालेल? मी त्या क्षणी रस्ता झाडायला घेतला असता.

शनिवार ठरला. त्याच आठवड्यात रेक्टिफायर बिघडला आणि दुरुस्तीला गेला. शुक्रवारी परत आला तो नव्या कोऱ्या वायरी लावून. एक लालभडक, एक काळीकुळकुळीत. एवढं देखणं मशीन माझ्याकडं कधीच नव्हतं. मी वर्कशॉप धुतलं, टाक्यांच्या कडा पुसल्या, पाटीवर नवीन रंग दिला.

आणि शनिवारी सकाळी बाळाराम मास्तर आले.

बाळाराम मास्तर आटगावचे. त्यांची बँड पार्टी. शहापूर ते कसारा, लग्नाची हळद असली की मास्तरांचा ट्रम्पेट हवाच. सत्तरीकडे झुकलेला माणूस, अंगात बँडचा सोनेरी पट्ट्यांचा कोट, तो ते बाजारातही घालून यायचे. ट्रम्पेट त्यांच्या गुरूनं दिलेला. वर्षानुवर्षं बफ मारून मारून पितळ कागदासारखं झालं होतं, आणि जुनं निकेल ठिकठिकाणी उडालं होतं.

"दामूशेठ, गुरवारी कसाऱ्याला हळद हाय. मोठं घर हाय. वाजा आरशावानी करून द्या."

"संध्याकाळी घेऊन जा, मास्तर."

"मी हितंच बसतो. माझा वाजा तुमचे हातात देऊन मी कुठं जाव?" असं म्हणून ते स्टुलावर बसले, ते बसलेच.

मलाही ते बरंच वाटलं. नळाच्या तोटीपेक्षा मुलांना दाखवायला ट्रम्पेट केव्हाही चांगला. मी त्याचे बोटांनी दाबायचे पिस्टन काढून मास्तरांच्या मांडीवर ठेवले, नळ्यांना रबरी बुचं लावली, ट्रम्पेट घासला, धुतला आणि तांब्याच्या तारेनं टाकीत टांगला. एवढ्यात मॅडम वर्ग घेऊन आल्या. वीसबावीस मुलंमुली, त्यांत सुजाता सगळ्यांच्या मागं. आपला बाप सगळ्यांसमोर काय बोलतो या काळजीनं तिचा चेहरा बारीक झालेला.

ती गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, मशीन कालच दुरुस्तीहून आलंय ना? बटाटा केलात?"

घरात बटाट्याची गोष्ट इतक्या वेळा सांगितली होती, की तिला ती पाठ होती. पण सगळा वर्ग बघत होता, मॅडम बघत होत्या. पांढऱ्याशुभ्र शर्टात मी भाषणाच्या तयारीत उभा, आणि आता सगळ्यांसमोर कांदेबटाट्याच्या टोपलीत हात घालू?

"काही गरज नाही," मी म्हणालो. "इतकी वर्षं काम करतोय मी."

लाल वायर ॲनोडला, काळी वायर ट्रम्पेटला. बटण दाबलं. काटा छान वर गेला. आणि मी बोलायला लागलो.

बोलायची संधी न मिळालेल्या माणसाला एकदम वीसबावीस श्रोते मिळाले की काय होतं, ते मी त्या दिवशी अनुभवलं. मुरबाडचे दिवस झाले, रघुनाथ फोरमन झाले, बैलाच्या टोप्या झाल्या, कवळी झाली. पोरं हसत होती, मी फुलत होतो. एरवी मी दहा मिनिटांनी माल उचलून बघतो. त्या दिवशी पाऊण तास टाकीकडे पाठ करून उभा होतो.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "मुलांनो, आता सांगा. या टाकीत ॲनोड कोणता?"

"लाल वायरचा!" सगळा वर्ग एका आवाजात.

"चिन्हावरून नाही, रंगावरून तर नाहीच. काय घडतंय त्यावरून ओळखायचं. सुजाताचे बाबा, झिजलेला ॲनोड जरा बाहेर काढून दाखवता का?"

मी ऐटीत एक पट्टी उचलली आणि तिची पिशवी खाली ओढली.

पट्टी जाड झाली होती. तिच्या कडांना राखाडी गाठी आल्या होत्या, चण्याएवढ्या. एवढ्या वर्षांत झिजलेले ॲनोड मी पोत्यानं पाहिले होते. बाळसं धरलेला ॲनोड पहिल्यांदाच बघत होतो. मी दुसरी पट्टी उचलली, तीही तशीच.

मागून सुजाता हळूच म्हणाली, "मॅडम, ॲनोड ट्रम्पेट आहे."

मी बटणावर झेप घेतली. ट्रम्पेट बाहेर काढला. आधीचं निकेल पूर्ण गेलेलं, आतलं पितळ तांबूस, खरबरीत. पुढल्या पसरट तोंडाची, म्हणजे फुलाची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. जिथं जुने पोचे होते तिथं तीन भोकं. पाणी ठिबकत होतं. वर्गात कोणी हसलंसुद्धा नाही.

बाळाराम मास्तर स्टुलावरून उठले. मांडीवरचे पिस्टन त्यांनी मुठीत धरले होते. ट्रम्पेटजवळ आले, वाकून पाहिलं, एका भोकातून पलीकडे पाहिलं. पलीकडे मी होतो.

"शेठ," ते म्हणाले, "यो माझा वाजा नाय."

"मास्तर, तुमचाच आहे."

"नाय नाय. माझा असा नव्हता."

त्यांना खरंच पटत नव्हतं. ते टाकीत डोकावून आपला वाजा शोधायला लागले, तेव्हा मला तिथं उभं राहवेना. मी मोरीवर जाऊन तोंडावर पाणी मारत राहिलो. परत आलो तर सुजातानं घरून बटाटा आणून कापला होता, त्यात दोन तारा खोचल्या होत्या, आणि सगळा वर्ग त्याभोवती गोळा झाला होता. काळ्या वायरकडच्या तारेभोवती बटाटा हिरवा झाला होता. दुरुस्तीवाल्यानं आत जोडताना वायरी उलट जोडल्या होत्या.

पण त्याला नावं ठेवून काय उपयोग? तो चुकेल हे मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं होतं. बटाट्याला विचारायचं मी टाळलं होतं.

मॅडमनी मुलांना बाहेर काढलं. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "हा धडा मुलं जन्मात विसरणार नाहीत." त्या मला बरं वाटावं म्हणून बोलल्या असतील, पण मला आणखीच मेल्यासारखं झालं. मास्तर तिथंच होते. मी म्हणालो, "मास्तर, मी तुम्हाला नवा ट्रम्पेट आणून देतो. कल्याणला जातो, आजच."

"नव्याचं काय करू? त्याला माझी फुंक वळख नाय, मला त्याची नाय." मग भोकांवरून बोट फिरवत, "ह्योच दुरुस्त होल का?"

"होईल," मी म्हणालो. होईल की नाही मला माहीत नव्हतं.

पुढचे तीन दिवस मी दुसरं कुठलंही काम घेतलं नाही. एका तांबटाच्या पायऱ्या झिजवून फुलाची कुरतडलेली कड दोन बोटं कापून काढली, नवी कड वळवून घेतली. भोकांना आतून पितळी चकत्या डाखल्या. मग तांब्याच्या टाकीत घालून सगळीकडे तांब्याचा पातळ थर चढवला, म्हणजे बारीक खड्डे भरून निघावेत. निकेलची टाकी तर नासलीच होती, कारण ट्रम्पेटचं तांबं आणि जस्त त्या पाण्यात उतरलं होतं. अशा पाण्यातून काढलेला माल काळाठिक्कर निघतो. त्यावर उपाय एकच. पन्हाळीचा जुना पत्रा टाकीत टांगायचा, अगदी कमी वीज सोडायची आणि वाट बघायची. घाण हळूहळू पत्र्यावर जाऊन बसते. तो काळा पडत जाणारा पत्रा तीन दिवस बघत बसणं, ही मला झालेली शिक्षा. आणि दर वेळी बटण दाबायच्या आधी सुजाता एक बटाटा पुढं करायची.

मास्तर रोज यायचे, स्टुलावर बसायचे, पिस्टनला तेल लावायचे. एकदाही रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "गुरूनं दिला तवा बोलला व्हता, याला पडू नको देऊ. विरघळू नको देऊ असं नाय बोलला." मग स्वतःच खोकत हसले. मला मात्र धड हसताही येईना.

बुधवारी दुपारी ट्रम्पेट निकेलच्या टाकीतून बाहेर आला. चमकत होता. पण चमक कोणालाही आणता येते. मास्तरांनी पिस्टन बसवले, ओठ ओले केले, ट्रम्पेट तोंडाला लावला आणि फुंकला. आवाज आला, पण तो पहिला आवाज नव्हता. मास्तरांनी ट्रम्पेट खाली घेतला, बघितला, पिशवीत घातला आणि गेले.

गुरुवारी मी कसाऱ्याला गेलो. आमंत्रण नव्हतं, पण घरी बसवेना. मांडवाच्या मागच्या बाजूला पाण्याच्या पिंपाआड उभा राहिलो. म्हटलं, आवाज फाटला तर पुढं होऊन सगळ्यांसमोर सांगायचं, दोष माझा, मास्तरांचा नाही. नवरदेवाला हळद लागत होती, बाया गात होत्या. मग बँड सुरू झाला. ताशा, ढोल, आणि सगळ्यांच्या वर मास्तरांचा ट्रम्पेट. उंच, बारीक, धारदार, आधी कधी न ऐकलेला. पोरं आधी जरा थबकली आणि मग अशी नाचायला लागली की मांडवाचा एक खांब वाकडा झाला.

मधल्या वेळात मास्तरांनी मला पिंपाआडून बरोबर हेरलं. घामानं निथळत, कोटाची बटणं सोडत माझ्याकडं आले. मी मान खाली घातली.

"दामूशेठ," ते म्हणाले, "आता आवाज बारीक झालाय. पण हातात हालका झालाय." त्यांनी ट्रम्पेट एका हातानं वर धरून दाखवला. "दोन वरीस झाली, हा खांदा दुखायचा. कोणाला बोललो नाय. मास्तरचा हात दुखतो कळलं तं सुपारी कोण देल? आज तीन तास वाजवतोय, खांदा गप हाय."

मी त्यांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "उठ, उठ, पोरं बघतात," आणि मला लाडू आणून दिला.

सुजातानं बोर्डाच्या पेपरात काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तीच आपण होऊन म्हणाली, "आला होता प्रश्न. ट्रम्पेट आठवला." आता ती वापीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. फोनवर कधीमधी मला काही विचारते. मी सांगतो, पण आता सांगायच्या आधी मीही विचार करतो.

कसाऱ्याच्या त्या हळदीनंतर पंधरा दिवसांनी मुरबाडकडून दोन बँडवाले वर्कशॉपवर आले. एकाच्या काखेत ट्रम्पेट, दुसऱ्याच्या खांद्यावर भलाथोरला पितळी कर्णा. वाजे चांगले होते, प्लेटिंगही शाबूत होतं. मी विचारलं, काय करायचंय?

ट्रम्पेटवाला इकडंतिकडं बघून म्हणाला, "आटगावच्या मास्तरला जसा करून दिला, तसाच पायजे. बारीक आवाज आन हालका. टाइम लागला तरी चालल."

मी त्यांना बसवलं, चहा मागवला. दोघं मोठ्या आशेनं माझ्याकडं बघत होते. मग मी त्यांना समजावून सांगितलं की ते काम माझ्याकडून मुद्दाम होत नाही.